शेड बदललं आणि मशीन रुसलं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरातले एक वाचक, वय ४४. शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये जॉबवर्क करतात. स्वतः मशीनवर उभे राहतात, मदतीला पुतण्या आणि एक हेल्पर. शिरोलीच्या फाउंड्र्यांकडून कास्टिंग येतं, ते टर्निंग करून परत पाठवायचं, हा धंदा. दीड वर्षापूर्वी त्यांनी भोसरीच्या एका जुन्या मशीनच्या डीलरकडून जपानी बनावटीचं सीएनसी टर्निंग सेंटर, म्हणजे संगणकावर चालणारं लेथ, साडेअकरा लाखांना घेतलं. निम्मे पैसे पतसंस्थेचं कर्ज, उरलेल्यात पत्नीचे दागिने. 'आणलं तेव्हा डीलरचा माणूस आला होता. त्यानं आम्हाला चहाला पाठवलं, परत आलो तर मशीन चालू.' त्यानंतर दीड वर्ष तक्रार नाही. गेल्या महिन्यात शेडमालकानं जागा मागितली, म्हणून गोकुळ शिरगावला शेड घेतलं. क्रेननं मशीन हलवलं, वीज जोडली, आणि पडद्यावर संदेश आला की मशीन जागेवरून हलवलं गेलं आहे, कोड टाका. एकही अक्ष हलेना. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं सांगितलं की मशीन अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे, इंजिनिअर येऊन पाहील, मग कोड. खर्च ८५ हजार, वेळ तीन आठवडे. इचलकरंजीचा एक कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) दुरुस्त करणारा पोरगा २५ हजारांत 'उद्या चालू करून देतो' म्हणतोय. वडील पस्तीस वर्षं लेथवर काम केलेले. ते म्हणतात, 'इकत घेतलंय न्हवं? मग कंपनीचा काय संबंध? बोलीव त्या पोराला.' मेहुणा संगणकाच्या नोकरीत आहे. तो म्हणतो, हा सायबर गुन्हा आहे, आत जाशील. वाचक विचारतात: 'मशीन माझं की कंपनीचं? आणि पोराला बोलवू की नको?'

नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांकडे येतो. पण आधी त्या चहाबद्दल बोलू.

जागा बदलली की अडणारं मशीन भोसरीहून उद्यमनगरात आलं, तेव्हाही अडलंच असणार. दोनशेहून जास्त किलोमीटर ट्रकमधून हादरे खात आलेलं मशीन गप्प बसलं आणि उद्यमनगर ते गोकुळ शिरगाव एवढ्या आठ-दहा किलोमीटरला मात्र रुसलं, असं कसं होईल? म्हणजे डीलरला हे कुलूप ठाऊक होतं. त्याच्या माणसानं ते तुमच्या पाठीमागे उघडलं, आणि विकताना तुम्हाला त्याबद्दल एक शब्दही सांगितला नाही. शिवाय कंपनी म्हणते, मशीन अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे. तेव्हा ते कंपनीला कळवून, रीतसर कोड घेऊन उघडलं गेलं असण्याची शक्यता मला कमीच दिसते. तुमचा सगळा राग कंपनीवर आहे, अख्ख्या पत्रात डीलरवर अर्धी ओळही नाही. मला वाटतं तुम्ही चुकीच्या दाराशी उभे आहात, निदान पहिल्यांदा तरी.

आता हे कुलूप काय आहे ते पाहू, कारण कुलूप कुणी कशासाठी लावलं हे कळल्याशिवाय त्याच्याशी भांडायचं कसं हे ठरत नाही. अशा मशीनमध्ये हादरा आणि कल ओळखणारा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. वीज बंद असली तरी तो जागा असतो. मशीन उचललं, वाहून नेलं की तो नोंद घेतो. पुढच्या वेळी मशीन चालू करताना कंट्रोलर ती नोंद पाहतो आणि कोड मागतो. कोड कंपनीकडे. कंपनी मशीन कुठे आहे, कुणाकडे आहे याची खात्री करते आणि मग तो देते.

हे कशापायी? पैसे उकळायला, असं तुम्ही लिहिलंय. मूळ कारण वेगळं आहे आणि ते उद्यमनगरापासून फार लांबचं आहे. १९८७ साली उघडकीला आलं की जपानच्या तोशिबा उद्योगसमूहातल्या मशीन बनवणाऱ्या कंपनीनं सोव्हिएत संघाला प्रचंड मिलिंग मशीनं विकली होती, त्यांचे कंट्रोलर नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे होते, आणि त्या मशीनवर पाणबुड्यांचे पंखे घडवले जात होते. पंखा जितका अचूक, तितका आवाज कमी, आणि पाणबुडी सापडणं तितकं अवघड. अमेरिकेत एवढा संताप उसळला की तिथल्या खासदारांनी संसदेच्या आवारात घणाचे घाव घालून तोशिबाचा रेडिओ फोडला. त्यानंतर जपाननं निर्यातीचे नियम आवळले. अचूक मशीन दुसऱ्या कुणाच्या हाती, दुसऱ्या देशात, शस्त्रं बनवायला जाऊ नये ही जबाबदारी मशीन बनवणाऱ्यावर आली. तुमच्या मशीनमधला सेन्सर त्या खानदानातला. त्याला गोकुळ शिरगाव आणि परदेश यांतला फरक कळत नाही, त्याला एवढंच कळतं की आपल्याला उचललं.

म्हणून कुलूप आहे याचा राग धरू नका. कोडचे ८५ हजार कसे झाले, हा राग मात्र रास्त आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर कंपनीशी बोलताना तुमची बाजू भक्कम राहील.

सगळी कुलपं अशी नसतात हे इतर वाचकांसाठी सांगतो. आपल्याकडे नव्या मशीनवर तारखेचं कुलूप सर्रास असतं: हप्ता थकला की ठरलेल्या दिवशी मशीन बंद. ते हप्ते फिटेपर्यंत समजू शकतं, फिटल्यावर एक दिवसही नाही. शेवटचा हप्ता देताना 'कायमचं कुलूप काढलं' असं लेखी घ्या. तिसरी जात सगळ्यांत नाठाळ: दुरुस्ती आमच्याकडेच करा, शाई आमचीच घाला, सुटा भाग आमचाच लावा. माझ्या घरचा प्रिंटर शाई संपली म्हणून स्कॅनही करत नाही. कागदाचा फोटो काढायला शाई लागते हे मला त्यानंच शिकवलं.

आता तुमचा पहिला प्रश्न, मशीन कुणाचं. तुमचं आहे. बिल तुमच्या नावावर, पैसे तुमच्या खात्यातून गेले, लोखंड तुमच्या शेडमध्ये उभं आहे. त्यातल्या सॉफ्टवेअरचा कॉपीराइट कंपनीचा, यात वाद नाही; पण पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाचा असतो म्हणून आपल्या कपाटातलं पुस्तक लेखकाचं होत नाही. मेहुणा म्हणतो की सॉफ्टवेअर विकलं जात नाही, नुसता वापरायचा परवाना मिळतो. परवान्याच्या कागदांवर असंच छापलेलं असतं खरं. पण २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा परवान्यांबद्दल असं म्हटलं की ग्राहकाला मिळते ती सॉफ्टवेअरची प्रत, आणि तो मालाच्या विक्रीचाच व्यवहार आहे, त्यातून कॉपीराइटमधला कुठलाही हक्क त्याच्याकडे जात नाही. खटला आयकराचा होता, लेथचा नव्हता, त्यामुळे तो निकाल दाखवून कोड मिळेल असं नाही. पण 'मी नुसता भाडेकरू आहे' ही जी भावना मेहुण्यानं तुमच्या मनात भरली आहे, ती काढून टाकायला तेवढा पुरे.

अमेरिकेत हाच वाद ट्रॅक्टरवरून गाजला. जॉन डिअर कंपनीनं २०१५ साली तिथल्या कॉपीराइट कार्यालयाला लिहून दिलं होतं की शेतकऱ्याला वाहन चालवण्याचा, वाहन टिकेल तोवरचा, गर्भित (न लिहिता मानलेला) परवाना मिळतो. शेतकरी चिडले, आंदोलनं झाली, कोलोरॅडो राज्यानं २०२३ साली शेती-यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला आणि २०२५च्या जानेवारीत तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगानं कंपनीवर दावा लावला. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा कायदा अजून नाही. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ साली समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही त्यातली चार क्षेत्रं. लेथ त्यात नाही. तेव्हा तुमचं भांडण जुन्या, साध्या कायद्यांनीच लढायचं आहे, आणि ते कायदे तुम्हाला वाटतात तेवढे बोथट नाहीत.

पोराकडे वळू. इथे वडील आणि मेहुणा दोघेही अर्धे बरोबर आहेत, आणि दोघांनाही आपण पूर्ण बरोबर आहोत असं वाटतं, म्हणून घरात बोलाचाली बंद.

मेहुण्याची भीती आधी. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ ज्या गोष्टींना बंदी करतं, त्या मालकाच्या किंवा संगणक ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय केल्या तर. तुमच्या मशीनचे मालकही तुम्ही आणि ताबाही तुमचा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५अ कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं, दोन वर्षांपर्यंत कैदही आहे, पण ते कॉपीराइटचा भंग करण्याच्या हेतूनं तोडलं असेल तर. आपलंच लोखंड फिरवण्यासाठी उघडणारा माणूस त्या हेतूचा आहे असं म्हणणं अवघड. त्याच कायद्याचं कलम ५२ तर कायदेशीरपणे प्रत बाळगणाऱ्याला सॉफ्टवेअर ज्या कामासाठी दिलं त्या कामापुरतं वापरायला, त्याची बॅकअप प्रत ठेवायला, ते कसं चालतं याचा अभ्यास करायला मोकळीक देतं. थोडक्यात, शेडमध्ये पोलीस येतील ही भीती मेहुण्यानं फुगवलेली आहे.

आता वडिलांचा भरवसा. तो पोरगा उघडणार कसा, हे त्यांनी विचारलंय का? स्वतःच्या डोक्यानं कंट्रोलर वाचून उघडणं वेगळं, आणि कंपनीच्या इंजिनिअरच्या लॅपटॉपमधून फुटलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणून लावणं वेगळं. दुसरा प्रकार सरळसरळ चोरीच्या किल्लीचा. संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती वापरली तर कलम ६३ब लागतं: किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. २५ हजारांत, उद्या, बघितल्याशिवाय 'करून देतो' म्हणणाऱ्याकडे बहुधा काय असतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

कायद्यापेक्षा मला जास्त काळजी मशीनच्या डोक्याची आहे. जुन्या कंट्रोलरमध्ये पॅरामीटर, ऑफसेट, स्क्रूच्या पिचमधल्या चुकांची भरपाई हे सगळं बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या मेमरीत असतं. ते आकडे त्या एकाच मशीनचे, बरेचसे कारखान्यात मोजून भरलेले. कुलूप घालवायचं म्हणून कुणी मेमरी पुसली आणि बॅकअप नसला, तर कुलूप जाईल आणि अचूकताही जाईल. मग २० मायक्रॉनच्या टॉलरन्सचा जॉब घेऊन फाउंड्रीवाल्यासमोर उभं राहायची पाळी येईल. पोराला बोलवाच असं एखाद्या दिवशी ठरलं, तर पहिलं काम एकच: पॅरामीटरचा संपूर्ण बॅकअप तुमच्या कार्डवर, तुमच्यासमोर, चहाला न जाता.

खरं तर हा बॅकअप आजच घ्यायला हवा. मशीन चालू होत असेल आणि पडदा दिसत असेल तर कंट्रोलर जाणणारा कुठलाही प्रामाणिक मेस्त्री तो काढून देईल. त्यासाठी पोरालाच पाचशे-हजार द्या, माझी हरकत नाही.

कुलूप उघडणारे सगळे चोर असतात असं मात्र मी म्हणणार नाही. पोलंडमध्ये नेवाग कंपनीनं बनवलेल्या काही रेल्वेगाड्या दुसऱ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होऊन उभ्या होत्या, सगळं जागच्या जागी, तरी चालेनात. शेवटी ड्रॅगन सेक्टर नावाच्या तंत्रज्ञांच्या गटाला बोलावलं. त्यांनी कंट्रोलरचा कोड वाचला आणि २०२३च्या डिसेंबरमध्ये जाहीर सांगितलं की त्यात प्रतिस्पर्धी वर्कशॉपांचे जीपीएसचे आकडे लिहिलेले सापडले. गाडी तिथे काही दिवस उभी राहिली की बंद पडायची. कंपनीनं आरोप नाकारला आणि त्या तंत्रज्ञांनाच कोर्टात खेचलं. त्या लोकांचा आणि इचलकरंजीच्या पोराचा रस्ता एक नाही. त्यांनी काय केलं, का केलं, सगळं लिहून ठेवलं, आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपच्या सांगण्यावरून केलं. तुमच्या पोरानं बिल द्यायची तयारी दाखवली आहे का?

वडिलांना हेही सांगा की त्यांचं म्हणणं खोटं नाही. उद्यमनगर उभं राहिलं ते बाहेरून आलेलं इंजिन खोलून, भाग मांडून, समजून घेऊन, तसं किंवा त्याहून बरं आपल्या भट्टीत ओतून. त्या काळी खोलण्यासाठी पाना लागायचा, परवानगी नाही. पण तेव्हाच्या इंजिनाच्या पोटात दुसऱ्या कुणाचा शब्द लपलेला नसायचा. पस्तीस वर्षं लेथवर घालवलेल्या माणसाला, मशीनसमोर उभं राहून ते 'नाही' म्हणतंय हे पाहणं किती जड जात असेल ते मी समजू शकतो. अबोला त्या पोरावरून नसावा.

आता दार क्रमांक एक, डीलर. त्याला फोन नको, पत्र लिहा, रजिस्टर एडीनं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. त्यात तीनच गोष्टी: विकताना हे कुलूप असल्याचं सांगितलं नाही, तुमच्या माणसानं अमुक तारखेला ते आम्हाला न दाखवता उघडलं, आता कंपनीच्या नोंदीत मशीन आमच्या नावावर करून, कोड मिळवून देण्याचा सगळा खर्च तुम्ही करा, पंधरा दिवसांत. १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम १४ प्रमाणे प्रत्येक विक्रीत, बिलावर लिहिलं नसलं तरी, खरेदीदाराला माल निर्वेधपणे ताब्यात ठेवून उपभोगता येईल अशी हमी धरलेली असते. शेड बदलताच मुकं होणारं मशीन 'निर्वेध' कसं, हे डीलरला सांगू द्या. पत्र गेल्यावर निम्मे डीलर स्वतःहून फोन करतात असा माझा अनुभव आहे, कारण त्यांना पुढची मशीनंही याच पट्ट्यात विकायची असतात. चहाच्या दिवशी आलेल्या माणसाचा नंबर, तेव्हाचे मेसेज, पुतण्याला काय आठवतं, सगळं आजच लिहून ठेवा.

तो ऐकला नाही तर ग्राहक आयोग. इथे तुम्ही गृहीत धरलंय की 'आम्ही धंदेवाले, आम्हाला ग्राहक कोर्ट कुठलं?' हे गृहीतक कोल्हापुरात हजारो शेडमधून ऐकू येतं आणि ते पूर्ण खरं नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी कारणासाठी घेतलेला माल वगळतो, पण त्याच व्याख्येत पुढे म्हणतो की स्वयंरोजगारातून केवळ पोट भरण्यासाठी माणसानं घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू हे व्यापारी कारण नव्हे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली हे उलगडून सांगितलं, आणि उदाहरण दिलं ते लेथचंच: उपजीविकेसाठी स्वतः चालवायला लेथ घेणारा ग्राहक ठरतो, आणि त्यानं मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचं ग्राहकपण जात नाही. गंमत म्हणजे तो खटलाही सीएनसी टर्निंग मशीनचाच होता, आणि तक्रारदार हरला, कारण त्याचा व्याप स्वतःच्या पोटापुरता नव्हता. तुम्ही, पुतण्या, हेल्पर. मोजा. समोरचा वकील 'हा कारखानदार आहे' म्हणून उभा राहणारच. त्याला उत्तर म्हणून मशीनवर तुम्ही स्वतः उभे असता याचे पुरावे हवेत.

साडेअकरा लाखांची खरेदी म्हणजे जिल्हा आयोग, कारण पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारी तिथे चालतात. फी ४०० रुपये. डीलर भोसरीचा असला तरी तक्रार कोल्हापुरात करता येते, तुम्ही इथे राहता आणि काम करता एवढं पुरे. २०१९च्या कायद्यानं दिलेली ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. वकील घेतलाच पाहिजे असं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, कधी कधी तिथेच मिटतं. मुदत मात्र दोन वर्षांची. तक्रारीचं कारण मशीन अडलं त्या दिवशी घडलं की विकलं त्या दिवशी, यावर वाद होईल. तो वाद होऊच नये म्हणून खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा. दीड वर्ष गेलंय, सहा महिने आहेत. आयोगानं 'तुम्ही ग्राहक नाही' म्हटलंच, तर दिवाणी कोर्टाचा रस्ता उरतो, तिथे तीन वर्षं मिळतात, पण खर्च आणि तारखा दोन्ही जास्त.

दार क्रमांक दोन, कंपनी. यांच्याशी भांडण नको, चौकशी हवी, लेखी. ८५ हजारांत इंजिनिअरची भेट किती, प्रवास किती, नाव बदलायचे किती, कोडचे किती, जीएसटी किती. फोड मागितली की आकडे हलतात. सोबत कागद लावा: डीलरचं बिल, बँकेतून पैसे गेल्याची नोंद, मशीन भोसरीहून आलं तेव्हाचं ई-वे बिल, गोकुळ शिरगावचा भाडेकरार, वीजबिल, मशीनच्या नंबरप्लेटचा फोटो. कंपनीला जे तपासायचं आहे ते, म्हणजे मशीन अजून भारतातच, नीट माणसाच्या हातात आहे, ते यातूनच सिद्ध होतं. पहिल्या मालकाकडून 'मशीन विकलं, हरकत नाही' असं पत्र मिळालं तर काम आणखी सोपं. ते मिळवून देणं डीलरचं काम आहे हेही डीलरच्या पत्रात घाला. आणि एक आठवणीनं विचारा: माझ्या नावावर झाल्यावर पुढच्या वेळी शेड बदललं तर किती? भाड्याच्या जागेतल्या माणसाला हा आकडा आजच्या ८५ हजारांपेक्षा महत्त्वाचा आहे.

कंपनीनं फोड द्यायला नकार दिला, किंवा कोडसोबत वर्षाचा सर्व्हिस करारही घ्याच म्हणून गळ्यात मारला, तर मामला बदलतो. २०१४च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, कारण सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. एकटा माणूस असा लढा देऊ शकत नाही. तुमच्या नव्या शेडपासून हाकेच्या अंतरावर गोशिमा ही गोकुळ शिरगावच्या उद्योजकांची संघटना आहे, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन आहे. या कुलपात अडकलेले तुम्ही पट्ट्यातले पहिले असाल असं मला वाटत नाही. चार जणांची बिलं एकत्र ठेवली की दराची कहाणी आपोआप दिसेल.

माझा हिशेब असा की ८५ हजारांची फोड मागून जो आकडा राहील तो भरा, 'हक्क राखून' असं पत्रात लिहून भरा, मशीन चालू करा, आणि ती रक्कम अधिक बुडालेल्या कामाची भरपाई डीलरकडून मागा. तीन आठवड्यांत फाउंड्रीचं गिऱ्हाईक तुटलं तर ते कुठलाही आयोग परत आणून देत नाही. तोवर तातडीचे जॉब उद्यमनगरातल्या जुन्या शेजाऱ्याच्या मशीनवर करून घ्या, नफा शून्य राहिला तरी चालेल. बिलं मात्र ठेवा, तीही भरपाईत धरता येतील.

या आठवड्यात याच जातीची आणखी दोन पत्रं आली. राजारामपुरीतल्या एका बाईंनी जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, पण अ‍ॅप अजून आधीच्या मालकाच्या फोनवर. तो पुण्याला गेला आणि फोन उचलत नाही. कागलजवळच्या एका शेतकऱ्याच्या सोलर पंपाच्या कंट्रोलरचा पासवर्ड बसवणाऱ्याकडे राहिला. दोघांनाही हेच सांगेन, आणि जुनी कुठलीही 'डोकं असलेली' वस्तू घेणाऱ्याला: पैसे देण्याआधी खातं, पासवर्ड, अ‍ॅप आपल्या नावावर करून घ्या, ते झाल्यावरच शेवटची रक्कम द्या, आणि बिलावर एक ओळ लिहून घ्या की या वस्तूवर जागेचं, तारखेचं किंवा पासवर्डचं कुठलंही बंधन नाही, असल्यास ते विक्रेता स्वखर्चानं काढून देईल. ही ओळ लिहायला विक्रेता कचरला की तुम्हाला उत्तर मिळालं. बाईंना स्कूटर विकणारा मात्र खाजगी माणूस आहे, दुकानदार नाही. तिथे ग्राहक आयोगाचा आधार लंगडा पडेल, त्यांनी आधी कंपनीच्या शोरूमला आरसी दाखवून खातं बदलून मागावं.

शेवटी एक मेस्त्रीगिरीची गोष्ट, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही म्हणून विचारतो. मशीन त्याच्या कायमच्या जागी बसलंय का? क्रेनवाल्यानं ठेवलं तिथेच असेल, लेव्हल व्हायची असेल, तर इंजिनिअरला बोलवू नका. तो कोड टाकून जाईल, तुम्ही दुसऱ्या दिवशी पहार घालून मशीन सरळ करायला जाल, आणि सेन्सर पुन्हा म्हणेल, मला हलवलं. आधी जागा पक्की करा, बोल्ट आवळा, लेव्हल बघा, मग त्याची तारीख घ्या. लेव्हल कुणाकडून बघायची हे मी सांगायला नको. वडिलांची स्पिरिट लेव्हल अजून पेटीत असेल, फक्त त्यांना उद्या सकाळी गोकुळ शिरगावला घेऊन जा.